फ्रेस्नोच्या अलीकडे भेटलेली मस्टँग

फेब्रुवारीत पचेको खिंड उतरलं की हायवे १५२ वर सान लुईसचं धरण मागे पडतं आणि पुढे बदामाच्या बागा लागतात, पांढऱ्या फुलांनी नुसत्या लगडलेल्या. चाउचिलाजवळ ९९ नंबरचा रस्ता धरला, मडेरा ओलांडलं आणि फ्रेस्नोच्या अलीकडच्या एका शेतावर पोहोचलो. शेडमध्ये १९६५ची लाल फोर्ड मस्टँग उभी होती.

"वडिलांची गाडी. आठ सिलिंडरची आहे," मालक म्हणाले. बॉनेट उघडलं, तर इंजिन खरंच व्ही-८. पण मी आधी गाडीवर कारखान्यानं ठोकलेला ओळख नंबर वाचतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, वरच्या कडेला एक अर्धगोल खाच असते. तिथली धूळ फडक्यानं पुसली आणि आतल्या पत्र्यावर ठोकलेली अक्षरं दिसली: ५, आर, ०७, टी. ५ म्हणजे १९६५, ०७ म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छपराची. आर म्हणजे सॅन होजे कारखाना. तो होता मिलपिटासला, आज आपली मंडळी जिथे खरेदीला जातात त्या ग्रेट मॉलच्या जागी. आणि टी म्हणजे २०० घनइंची, सहा सिलिंडरचं इंजिन! मूळची २८९ व्ही-८ असती तर तिथे सी किंवा ए दिसलं असतं, नशीब थोर असेल तर सगळ्यात ताकदवान २८९ चं के.

मग चाकं पाहिली. प्रत्येकाला चारच नट. कारखान्यातून व्ही-८ घेऊन निघालेल्या मस्टँगला पाच असतात, ब्रेकचे ड्रम मोठे आणि मागचा ॲक्सलही दणकट. म्हणजे इथे इंजिन बदललं, पण थांबवायची यंत्रणा सहा सिलिंडरचीच राहिली. मला किमतीपेक्षा याची काळजी जास्त वाटली, आणि तसं मी मालकांना स्पष्ट सांगितलं. ते थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "हो, वडिलांनी इंजिन बदललं होतं. मी तेव्हा लहान होतो."

दारावरच्या पाटीवरचा नंबर फेंडरशी जुळला. रंगाचा कोड एम, म्हणजे मूळची विम्बल्डन व्हाइट. मागच्या पत्र्यावर चुंबक फिरवलं, तर चाकाच्या कमानीपाशी ते धरेना, आत पुट्टी. शेवटी पुढच्या काचेखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओतलं. ते फेंडरमागून जमिनीवर पडायला हवं. शेजारच्या सीटपुढच्या गालिच्यावर टपटपायला लागलं. कोरड्या कॅलिफोर्नियातही हा जाळीखालचा पत्रा आतून सडतो, आणि तो बदलायचा तर स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, एकेक करून फोडावे लागतात.

तरीही गाडी घ्यायचं ठरवलं, सहा सिलिंडरच्या भावानं. आधी ब्रेक आणि ॲक्सल, मग जाळीखालचा पत्रा. रंग सगळ्यात शेवटी, आणि तो पांढराच.