एवढं भयानक का वाचता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. वर्गातली मुलं विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, चवथीला फोंड्याच्या घरी सगळे जमले की वहिनी तर हटकून विचारते, "अगो, हे असलं वाचून तुला झोप कशी लागते?" असलं म्हणजे हिटलरचा आउशविट्झ कॅम्प, रवांडा, कंबोडिया, नरसंहारातून जिवंत राहिलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं. हिटलरने ६० लाख ज्यू मारले हे सगळ्यांना माहीत आहे, मग एकेकाचं दुःख कशाला उकरायचं, असं त्यांचं म्हणणं.

तर मी त्यांना चमच्याची गोष्ट सांगते. प्रिमो लेवी हा इटलीतला ज्यू केमिस्ट, त्याला १९४४ मध्ये आउशविट्झला नेलं. तिथे कैद्याला पातळ सूप मिळायचं पण चमचा मिळायचा नाही, तो हवा तर आपल्या वाट्याचा पाव देऊन विकत घ्यायचा, आणि तिथे पाव म्हणजे जीवच, नाहीतर कुत्र्यासारखं तोंड लावून चाटायचं. मग कॅम्प मुक्त झाल्यावर गोदामात चमचे सापडले, हजारोंनी, काही नवे कोरे, काही कैद्यांच्याच सामानातून काढून घेतलेले. म्हणजे टंचाई नव्हतीच! माणसाने चाटूनच खावं हे कुणीतरी ठरवलेलं होतं, आणि गॅस चेंबर वगैरे सगळं बाजूला ठेवलं तरी मला या एका गोष्टीतून जे कळलं ते आकड्यातून कधी कळलं नसतं. मारणाऱ्यांच्या फायलीत चमच्याची नोंद कशाला असेल? ती ज्याला चाटावं लागलं तोच करणार.

रवांडाचं वाचताना मला जास्त त्रास होतो, खरं सांगते, कारण तिथे मारायला येणारे शेजारी होते. १९९४, साधारण १०० दिवस, आठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक तुत्सी जमातीची, मारणारे तिथल्याच बहुसंख्य हुतू जमातीचे. इमाक्युले इलिबागिझा ईस्टरच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीतून घरी आलेली मुलगी, ती एका पाद्रीच्या घरातल्या इवल्याशा बाथरूममध्ये आणखी सात जणींबरोबर ९१ दिवस लपून होती, आणि बाहेर तिला नावाने हाका मारत शोधणारे लोक तिच्या ओळखीचे होते. जेवलेले, हसलेले, एकाच चर्चमध्ये बसलेले. हे वाचल्यावर मी आमच्या वाड्याकडे बघते, आमच्या जत्रेला फेस्ताला एकमेकांकडे जाणारी माणसं, आणि तिथे ते एका रात्रीत झालं नव्हतं हे आठवतं. बेल्जियन राजवटीपासून ओळखपत्रावर हुतू की तुत्सी लिहिलेलं असायचं, रेडिओवर तुत्सींना झुरळं म्हणत होते, लोक ऐकत होते, कामाला जात होते. इतिहासाच्या पुस्तकात ही कारणं एका पॅराग्राफमध्ये संपतात, तिच्या पुस्तकात ती तिच्या शाळेतून, तिच्या गल्लीतून हळूहळू येतात.

आपल्याकडे गोव्यात तर हे कुणाला समजावायची गरज पडू नये असं मला वाटतं. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्म-न्यायालय, १५६० ते १८१२. तो नरसंहार होता असं मी म्हणत नाही, दोन्हींची तुलनाही करत नाहीये, पण बघा, त्याचे बरेचसे कागद नष्ट झाले, ओल्ड गोव्यातली ती इमारतही आज उभी नाही. आतमध्ये काय चालायचं हे आपल्याला कळतं त्यातलं बरंच डेलन नावाच्या फ्रेंच डॉक्टरमुळे, जो त्या कोठडीत होता, सुटला आणि १६८७ मध्ये त्याने पुस्तक छापलं. एका माणसाने लिहिलं म्हणून.

आणि लिहिलं तरी ऐकतं कोण? लेवीने लिहून ठेवलंय की कॅम्पमध्ये त्याला एकच स्वप्न पडायचं, तो घरी पोचलाय, सगळं सांगतोय, आणि ऐकणारे दुसरंच काहीतरी बोलतायत, सख्खी बहीण उठून निघून जाते. इतरांनाही तसंच स्वप्न पडायचं म्हणे. सुटून आल्यावर त्याचं पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारलं, १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत, मग १९५८ मध्ये त्याच मोठ्या प्रकाशकाने ते पुन्हा काढलं तेव्हा कुठे जगाने वाचलं. म्हणजे स्वप्न जवळजवळ खरंच झालं होतं. त्यामुळे वहिनी, झोप कधीकधी नाही लागत, पण मला उठून जाणारी बहीण व्हायचं नाहीये.

आता पुढचा प्रश्न असतो की सुरुवात कुठून करू. आधी लेवी घ्या, तो ओरडत नाही, रडवतही नाही, शांतपणे दाखवतो. कंबोडियाचं लुंग उंगचं पुस्तक आहे, ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नॉम पेन्ह घेतलं तेव्हा ती पाच वर्षांची होती, ते नववी-दहावीच्या मुलांना देता येतं पण मोठ्या माणसाने सोबत वाचावं. लागोपाठ दोन वाचू नका, मध्ये महिनाभर जाऊ द्या. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत आधी विचारून बघा, आणि इंग्रजी जड जात असेल तर मला सांगा, आपण रविवारी बसून एकेक प्रकरण मोठ्याने वाचू, मी मराठीत सांगत जाईन.