शिन-ओकुबोचा दालभात

टोकियोत ‘इंडियन-नेपाळी’ हॉटेल शोधावं लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की एखादं दिसतंच. दारावर दोन देशांचे झेंडे, आत ताजमहाल आणि एव्हरेस्ट शेजारी शेजारी. हजार येनच्या आसपास दुपारचा सेट: एक करी, थोडं सॅलड, लस्सी आणि ताटाबाहेर लोंबणारा नान. तो संपला की बऱ्याच ठिकाणी दुसरा फुकट.

आसाकुसा, कामाकुराचा बुद्ध, हाकोने, सगळं बघून झालं. फुजी ढगाबाहेर आलाच नाही. पण मला लिहायचंय ते या जेवणाबद्दल. नानच्या पिठात साखर, बटर चिकन त्याहून गोड. जपानी मंडळी ते मनापासून खातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाटीवर नेपाळ लिहायचं आणि मोमो सोडले तर ताटात नेपाळचं काहीच नाही, याचा मला दर वेळी राग यायचा. आत रांधणारे तर बहुतेक नेपाळीच.

मुलगा निशी-कासाईला राहतो. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये जिथून नगरसेवक म्हणून निवडून आले, त्याच एदोगावा भागात. माझी कुरकुर ऐकून एका दुपारी त्याने मला शिन-ओकुबोला नेलं. शिंजुकूच्या पुढचंच स्टेशन. कोरियन दुकानांपुढे मुलींची एवढी झुंबड, की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. ती गर्दी मागे टाकून गल्लीत वळलो आणि समोर देवनागरी! ‘किराना पसल’ म्हणजे किराणा दुकान, ‘खाजा घर’ म्हणजे खाण्याची जागा. इतके दिवस त्या शहरात मुलाने वाचून दाखवल्याशिवाय मला एक पाटी कळत नव्हती. इथे मी रस्त्यात थांबून एकेक पाटी मोठ्याने वाचत सुटले. फार बरं वाटलं.

हॉटेल वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून चढावं. आत बहुतेक नेपाळी विद्यार्थी, मान खाली घालून हाताने जेवणारे. आम्ही थकाली ताट मागवलं. थकाली लोक नेपाळच्या मुस्तांगमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातले. तिबेटच्या मिठाच्या व्यापाराच्या वाटेवर त्यांची वस्ती. वाटसरूंना जेवू घालण्यात त्यांचा हातखंडा.

काशाच्या ताटात मधोमध भात, भोवती काळ्या उडदाची डाळ, राईचा पाला, बटाटा, मुळ्याचं लोणचं, मटणाचा रस्सा. डाळीला तुपात जिंबूची फोडणी. ही हिमालयातली वाळवलेली पात, वास कांदा-लसणाच्या मधला. सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. त्याचा आंबटपणा पहिल्या घासाला अनोळखी वाटला, तिसऱ्या घासाला मी तोच वेचून खात होते. आणि टोमॅटोच्या चटणीत तिमूर. जिभेला मुंग्या आल्या तशी मी मुलाला म्हटलं, “अरे, हे तर तिरफळ!” दोन्ही एकाच कुळातली झाडं. मालवणात बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडतं, तोच झणका टोकियोत, एका नेपाळी ताटात.

भात संपायच्या आत डाळ-भात पुन्हा वाढला जात होता. वाढायला आलेला आचारी आमचं मराठी ऐकून थांबला. “आमा, बंबई से?” गडी बागलुंग जिल्ह्यातल्या गलकोटचा. जपानमधल्या या हॉटेलांत त्या भागातले लोक फार. हा आधी कितीतरी वर्षं अंधेरीत तंदूरवर होता. जपानला आचारी म्हणून यायचं तर १० वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्याचा तो अनुभव मुंबईतला. मी विचारलं, मग सगळीकडे नानच का? “नान नहीं दिखा तो जपानी लोग वापस जाते हैं, आमा. यहाँ अपने बच्चे आते हैं, तो दालभात बनाता हूँ।”

मला भरून आलं. मुंबईत चायनीजच्या गाडीवर, ढाब्यावर, बारमध्ये नेपाळी हातचं आपण सगळेच खात आलोय. दुसऱ्यांच्या चवीचं रांधण्यात या माणसांची उमर जाते, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी काय शिजतं ते मला टोकियोत येऊन कळलं. आज जपानमध्ये दोन लाखांहून जास्त नेपाळी आहेत. एवढ्या माणसांचं रोजचं जेवण मेन्यूच्या पहिल्या पानावर असायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. तुम्ही गेलात तर विचारा तरी: दालभात आहे का? मेन्यूत छापलेला नसला तरी कधीकधी मिळतो, असं तोच म्हणाला.

निघताना खालच्या दुकानातून जिंबू आणि तिमूर घेतलं. घरी आल्यावर बांगड्यात तिमूर घालून पाहिलं. माशाला तिरफळच हवं. टोमॅटोच्या चटणीत मात्र जरूर घाला, टोमॅटो आधी विस्तवावर भाजून.