जानापावच्या पोटात शिरलेलं हेलिकॉप्टर

इंदूरच्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करते, तिथे लष्करी सरावाच्या सिम्युलेटरांसाठी भूप्रदेश बनतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच परदेशी जोडीदार मिळाले. तीन देशांची तीन वेगळी सिम्युलेटरं, आणि सगळ्यांनी एकाच प्रदेशात एकमेकांना दिसायचं. चाचणीची जागा मी सुचवली: महूजवळचं जानापाव. चंबळेचा उगम, माथ्यावर परशुरामाचं मंदिर, उंची 854 मीटर. लहानपणापासून दर पावसाळ्यात चढलेय, चूक झाली तर डोळ्यांनाच कळेल असं वाटलं. उंचीचे आकडे 2000 सालच्या अंतराळ शटलच्या मोहिमेचे, सर्वांना खुले असलेले.

सिम्युलेटरांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत डीआयएस, म्हणजे आयईईई 1278 हे मानक. रणगाडा कुठे आहे, किती वेगात आहे, हे प्रत्येक यंत्र कळवतं. दोन संदेशांच्या मध्ये बाकीचे त्याच वेगाने त्याला अंदाजाने पुढे नेतात. हे आठवडाभरात जमलं.

मग हेलिकॉप्टर आणलं. माथ्यावर 30 मीटर उंच धरलं, तर एका जोडीदाराच्या पडद्यावर ते दिसेचना. दोन आठवडे आम्ही नेटवर्क आणि मॉडेलं तपासली. शेवटी त्यांना म्हटलं, चित्र सोडा, नुसती उंची वाचून सांगा. हेलिकॉप्टर डोंगराच्या पोटात होतं! त्यांचं हेलिकॉप्टर आमच्याकडे तेवढंच जास्त उंच. फरक 50 मीटरहून अधिक, आणि माथ्यावर जितका, पायथ्याशीही जवळजवळ तितकाच.

हा फरक मी ओळखला. डीआयएस जागा पृथ्वीच्या केंद्रापासून सांगतं; त्यातून काढलेली उंची डब्ल्यूजीएस 84 च्या लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची असते. शटलचे आकडे समुद्रसपाटीपासूनचे, म्हणजे जिऑइडवरचे; जिऑइड म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे उंचसखल झालेली, जमिनीखालीही कल्पिलेली समुद्रसपाटी. आपल्याकडे जिऑइड लंबगोलाच्या 50 मीटरहून जास्त खाली आहे. आम्ही तो फरक धरला होता, त्यांनी नाही. एकटं चालवलं की दोघांचंही बरोबर दिसायचं. रणगाड्यांनी चुगली केली नाही, कारण त्या जोडीदाराचं सॉफ्टवेअर जमिनीवरची वाहनं आपोआप जमिनीला टेकवत होतं. ही सोय चाचणीत बंदच हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. दोन आठवडे तिने खाल्ले.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. त्यानंतर मात्र खरी काळजी सुरू झाली. पडद्यावरची जमीन छोट्या त्रिकोणांची जोडून बनते, आणि तिघांनी एकाच आकड्यांवरून ते त्रिकोण वेगवेगळे पाडले होते. आमचा रणगाडा आमच्या कड्यामागे पूर्ण लपलेला, पण त्यांच्या कड्यावरून त्याचा बुरूज दिसे. आडोसा घेऊनही जो मारला जातो, तो शिकाऊ सैनिक आडोशावरचा विश्वासच गमावून बसेल. मी हट्ट धरला की त्रिकोण एकदाच पाडायचे आणि तीच फाईल तिघांनी वापरायची. कुरकुर झाली, कारण प्रत्येकाला आपल्या यंत्रात बदल करावे लागणार होते.

नव्या फाईलच्या तिसऱ्या दिवशी मंदिरामागच्या उतारावर रणगाडा हळूहळू खाली नेला. फोनवर तिघे एकामागून एक म्हणाले, गेला. आकडे जुळवले तेव्हा तिघांकडेही तो त्याच ठिकाणी दिसेनासा झाला होता.