गोळ्या वेळेवर, तरी शुगर अडीचशे

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपास कुठल्याही गावात जा, ग्रॅनाइटची पाटी लावलेले दोन मजली बंगले दिसतील आणि बऱ्याच फाटकांना कुलूप. मालक गलाई व्यवसायात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत. दुष्काळानं खानापूर-आटपाडीची माणसं अशी देशभर पांगली. पुढं टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, पण दुकानं तिकडंच रुजली होती. मी याच भागातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे.

आक्का माझ्या नेहमीच्या पेशंट. वय बासष्ट, बीपी आणि शुगर दोन्ही. गोळ्या न्यायला कधी चुकायच्या नाहीत, पिशवीतून रिकाम्या स्ट्रिपा काढून टेबलावर मांडायच्या. तरी उपाशीपोटीची शुगर अडीचशेच्या खाली येईना. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डोस वाढवला, फरक शून्य. "काय खाता?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "भाकरी-भाजी. म्हातारं माणूस दुसरं काय खाणार?"

शेवटी आशाताई म्हणाल्या, "मॅडम, एकदा दिवस मावळल्यावर घरीच जाऊ."

फाटक बंदच होतं, मागच्या दारानं गेलो. एवढ्या बंगल्यात आक्का राहतात त्या स्वयंपाकघरात. कॉट तिथंच, टीव्ही तिथंच. बाकीच्या खोल्यांत सोफ्यांवर चादरी टाकलेल्या. ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला आणि शेजारी बटरचा अर्धा पुडा. लोणी नव्हे, बेकरीतलं, चहात बुडवून खायचं बटर.

"आक्का, हे काय?"

"रातचं जेवान. पोरगा दुकान आवरून साडेदहाला फोन करतो. तवर जागी असते. मग च्या-बटर खायचं नि पडायचं. झोप कुठं लागतीया! एका जिवासाठी भाकऱ्या काय थापायच्या?"

सकाळचंही तसंच. शुगरची गोळी वेळेवर, पोटात मात्र दुपारपर्यंत नुसता चहा. मग हातपाय कापायचे, घाम सुटायचा. हा अशक्तपणा समजून आक्का साखरेची मूठ तोंडात टाकायच्या. हे ऐकून माझ्याच अंगाला घाम फुटला. ग्लिमेपिराइड, म्हणजे त्यांची शुगरची गोळी, घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम उतरते. बेशुद्ध पडल्या असत्या तर कुलपाच्या आत कुणाला कळलं असतं? दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकारी साहेबांनी पहिलं काम केलं ते ती गोळी कमी करायचं.

शेजारीच जाऊ राहते, तिच्याकडं का जात नाही, असं विचारलं. "मालक गेल्यापासनं कुणाच्या दारात उभं राहू? सणावाराला तर आपणच मागं सरावं." कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सरकारनंही परिपत्रक काढलं. आक्कांचा उंबरा अजून तेवढाच उंच आहे. मुलाला का सांगत नाही? "जिवाला लावून घेईल. नायतर न्यायला येईल. तिथली भाषा मला येत न्हाई, वरच्या मजल्यावर कोंडून बसायचं."

ताणानं आणि अर्धवट झोपेनं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, यकृत रक्तात जास्त साखर सोडतं, इन्सुलिनचं चालेनासं होतं. हे नर्सिंगला असताना वाचलेलं. जॉर्ज एंजेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की आजार बघताना शरीर, मन आणि भोवतालची माणसं, तिन्ही बघा. आशाताई भरतात त्या फॉर्ममध्ये मनाविषयी दोन प्रश्न आहेतही: उदास वाटतं का, कशात रस वाटत नाही का. आक्कांनी दोन्हीला "न्हाई" सांगितलेलं. पोरं लाखांत कमावतात आणि मी उदास, हे कोण म्हणेल? आणि "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून पेशंटला वाटेला लावण्याची आपल्याकडची रीत मला तर सगळ्यात बिनकामाची वाटते.

आक्कांना विचारूनच मुलाला फोन केला. ओरडणार वाटलं होतं, पण तो बराच वेळ गप्प राहिला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा फोन करायचं त्यानं कबूल केलं. आता तो रोज "आई, ताट दाखव" म्हणतो. दाखवायचं म्हणजे करावं लागतं. आशाताईंनी जावेशी बोलणं काढलं. तीही दिवसभर एकटीच. आता दुपारची भाकरी एकीची, कालवण दुसरीचं. मधेच भांडतात, चार दिवस चुली वेगळ्या होतात, परत जुळतात.

तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी तपासणी) दहा टक्क्यांच्या वर होती, ती आठवर आली. अजून जास्तच आहे. झोपेचं गाडं अडलेलंच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, तर "वळख ना पाळख, फोनवर काय सांगू?" म्हणाल्या. साहेबांकडं मात्र यायला तयार झाल्यात.

रजिस्टरच्या शेरा रकान्यात मी आता 'जेवताना सोबत कोण' हेही लिहिते. मागच्या भेटीत वरिष्ठांनी ते बोट ठेवून विचारलं, "हे कुठल्या रिपोर्टमध्ये जातं?" कुठल्याच नाही, असं सांगितलं.