आमची वाटचाल : बटर पेपर, कातर आणि एक दुकानदार

लहान मुलांचे कपडे शिवायच्या आमच्या धंद्याची सुरुवात डोंबिवलीत घरच्या पायमशीनवर झाली, नव्वदच्या दशकात. शिवणाचा डिप्लोमा वगैरे काही नव्हता, होती ती नणंदबाईंनी जर्मनीहून बॅगेत कोंबून आणलेली बुर्डाची जुनी मासिकं. एने बुर्डा नावाच्या बाईंनी १९५० साली जर्मनीत ऑफेनबुर्गला काढलेलं हे शिवणकामाचं मासिक, १९५२ पासून त्यात पॅटर्नची शीट, म्हणजे कपड्यांचे भाग मापात आखलेला मोठा कागद, यायला लागली. ती शीट ज्यांनी उघडलीय त्यांना वेगळं सांगायला नको, सगळे कपडे एकमेकांवर छापलेले, मुंबई लोकलचा नकाशा परवडला. जर्मन एक अक्षर येत नव्हतं पण कडेचा आकडा धरायचा, त्याच रंगाचा तोच आकडा आत शोधायचा, आपल्या साईजची रेघ पकडून बटर पेपरवर उतरवायची, एवढं कळलं की झालं. शीट कापायची नाही हं, पाठीमागेही पॅटर्न असतात. आणि कापडाची कातर कागदाला लावायची नाही. धाकट्या जाऊबाईंनी स्वतःची कातर खुंटीला नाडीने बांधून ठेवली होती, घरातल्या पुरुषमाणसांनी दुधाची पिशवी कापू नये म्हणून. कटिंग त्यांचं, शिलाई माझी, अशी आमची भागीदारी, कागदावर कधीच केली नाही आणि गरजही पडली नाही.

बुर्डात मुलांची साईज वयावर नसते, उंचीवर असते, ९२, ९८, १०४, ११०, अशी सहा-सहा सेंटीमीटरने. हे कल्याणच्या एका आजींना इतकं पटलं की त्यांनी दाराच्या चौकटीवर नातीची उंची पेन्सिलने मारायला सुरुवात केली आणि फोन करायच्या, "अगं, ११० ला टेकली गं, आता परकर-पोलका घे करायला." खणाचा पन्हा लहान, मासिकातला घेर त्यात बसेना, तर जाऊबाईंनी कळ्या पाडून, म्हणजे तिरके तुकडे जोडून, बसवला. आजींनी दुसरीकडून कधी एक झबलंसुद्धा घेतलं नाही.

मग कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन आलं, दोन बायका मदतीला आल्या, पुढची बरीच वर्षं बरी गेली.

आता ते प्रकरण. स्टेशनजवळच्या एका दुकानात आमचा माल विक्रीवर असायचा. मालक म्हणाले, ताई, मोठी ऑर्डर देतो, फक्त तुमचे पॅटर्न एक रात्र द्या, आमच्या मास्टरला कापडाचा अंदाज घ्यायचाय. दिले. दुसऱ्या दिवशी गुंडाळी परत आली, घडी आमची नव्हती, जाऊबाई तेव्हाच म्हणाल्या काहीतरी झालंय. ऑर्डर आलीच नाही. महिन्याभरात त्यांच्या काचेत आमचाच योकवाला (छातीचा भाग वेगळा जोडलेला) फ्रॉक, आमच्यापेक्षा स्वस्त, आणि आमचा न विकलेला माल पोत्यात भरून परत, वर मागचे पैसे अडकवले ते अडकवलेच. आता कोणी म्हणेल पॅटर्न तरी कुठे तुमचा होता, मासिकाचाच की. हो, पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मी खोल केला, बाही मी आखूड केली, इथल्या उकाड्यात ती बंद मानेची फ्रॉकं कोण घालणार होतं? त्या दिवाळीला बायकांचे पगार द्यायला ह्यांनी एफडी मोडली. मशीन विकायचं ठरलंच होतं.

पण बुर्डाच्या शीटवर शिलाईची माया, म्हणजे शिवणीत दाबायचं जास्तीचं कापड, धरलेली नसते! आपण कापताना सोडायची. आम्हाला इतकं अंगवळणी की कागदावर लिहायचो पण नाही. त्यांच्या मास्टरने रेघेवर कापलं. दीड सेंटीमीटर दाब घेतला तर एका बाजूच्या शिलाईत पुढचा-मागचा तुकडा मिळून तीन, दोन्हीकडे मिळून सहा सेंटीमीटर छातीत गेले, शिवाय मागची चेन वेगळी. फ्रॉक पोरींच्या डोक्यातून उतरेनात. त्यांचीच गिऱ्हाईकं आमच्याकडे बाजूला पट्टी लावून घ्यायला यायची, मी प्रत्येकीकडून पूर्ण अल्टरचे पैसे घेतले, एक रुपया सोडला नाही, आणि पुढचा फ्रॉक त्यांनी आमच्याकडेच टाकला. मशीन घरातच राहिलं. ते दुकानदार अजून भेटले की "काय ताई, कसं काय" करतात, मी नुसती मान हलवते.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता, लॉकडाऊनही त्याच दिवशी, खणाचा सगळा माल हँगरवर राहिला. तेव्हा कॉटनच्या तुकड्यांचे मास्क शिवून वीजबिल निघालं. पण ते सगळ्यांचंच झालं, त्यात राग कोणावर धरणार.

आता भाचीने ओटोब्रे हे फिनलंडचं मासिक आणलंय, त्याचे लहान मुलांच्या कपड्यांचे वेगळे अंक असतात, होजिअरीचे कपडे त्यातून सुरू केलेत. होजिअरीला बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई लावा, साध्या सुईने भोकं पडतात. कॉटन कापायच्या आधी एकदा भिजवून वाळवा. दिवाळीच्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंतच घेतो, उंची सेंटीमीटरमध्ये कळवा, "सहा वर्षांची आहे, अंगाने भरलेली" असं नको.