नाकतोड्याचा फोटो मागून काढावा

वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीच्या काठाने जुन्या सी अँड ओ कालव्याची पायवाट जाते. ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंत तिच्या दुतर्फा माजलेल्या गवतातून भर दिवसाही आधी ‘टिक् टिक् टिक्’ आणि लगेच लांबलचक ‘झ्झ्झ्’ असा आवाज येत राहतो. हे मेडो कॅटिडिड, म्हणजे अंगाहून लांब मिशांचे, गवतात राहणारे हिरवे नाकतोडे. आपल्याकडच्या गवतात आढळणारा कोनोसेफॅलस मॅक्युलेटस हा त्यांचाच भाऊबंद.

त्यांचे फोटो घरी पाठवले की नाव विचारले जाते आणि तिथेच गाडी अडते. निळसर डोळे, तांबूस चेहरा असा समोरून काढलेला फोटो कितीही देखणा असला, तरी नाव ठरवायला तो सहसा पुरत नाही. लहान चणीचे ते कोनोसेफॅलस आणि थोराड ते ऑर्केलिमम, एवढी विभागणी बाजूने काढलेल्या फोटोवरून बहुधा होते. त्यापुढे जायचे तर नराच्या पोटाचे टोक बरोबर वरून दिसायला हवे. तिथे सर्सी नावाचे दोन आखूड अवयव असतात. मिलनाच्या वेळी नर त्यांनीच मादीला धरतो आणि प्रत्येक सर्सीच्या आतल्या अंगाला असलेल्या दाताची लांबी व वळण प्रजातीगणिक बदलते. मादीच्या बाबतीत अंडी घालण्याची तलवारीसारखी नळी पाहावी. ऑर्केलिममच्या माद्यांमध्ये ती बहुधा वर वळलेली असते, तर कोनोसेफॅलस स्ट्रिक्टसमध्ये सरळ आणि चांगलीच लांब. पंख पुरते न फुटलेल्या पिल्लाच्या नावाचा हट्ट मात्र धरू नये.

हा फोटो मिळवणे हीच खरी कसोटी, कारण माणूस दिसताच हा प्राणी काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकून तिला चिकटून बसतो. अशा वेळी दुसरा हात हळूच पलीकडे न्यावा, म्हणजे तो आपसूक कॅमेऱ्यासमोर येतो. जमल्यास आवाजही ध्वनिमुद्रित करावा; माझ्या मते पाच फोटोंपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

एवढे करूनही पोटोमॅकच्या काठी एक पेच उरतो. मागच्या पायांच्या काळ्या नडग्यांवरून ओळखू येणारा ऑर्केलिमम निग्रिपेस हा मुख्यतः ॲपलाचियन पर्वतरांगेच्या पश्चिमेचा, तर ऑर्केलिमम पुल्केलम अटलांटिकच्या बाजूचा. पण या नदीच्या खोऱ्यात दोघांची गाठ पडते आणि त्यांचा संकरही होतो. त्यामुळे दोघांच्या खुणा मिसळलेला नर समोर आला, तर फोटो कितीही स्पष्ट असला तरी एकच नाव ठामपणे देणे योग्य ठरत नाही. अशा फोटोंखाली मी मध्ये तिरकी रेघ देऊन दोन्ही नावे लिहिते.