पर्लो विता कोण?

एसडीएच म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीची सबटायटलं. संवाद असतातच, शिवाय दार आपटलं, मागे कुणी खोकलं, तेही कंसात लिहायचं. बडबडे सिनेमे अवघड जातात असं लोकांना वाटतं. खरं तर गप्प सिनेमा घाम काढतो.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात ‘रिफिफी’ (1955) हा फ्रेंच सिनेमा सबटायटलांसाठी आला. त्यातल्या दरोड्याच्या प्रसंगात जवळजवळ अर्धा तास कुणी बोलत नाही, संगीतही नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिकनं या प्रसंगासाठी रचना केली होती. संगीतासह आणि संगीताविना असं दोन्ही पाहून त्यानंच ती नको म्हटली. आमचं सॉफ्टवेअर इतकं समंजस नाही. मोठी मोकळी जागा दिसली की लाल पट्टी, ‘मजकूर गहाळ’. चोर वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात आणि भोकातून छत्री सोडून खाली उघडतात, म्हणजे ढलप्या तिच्यात पडाव्यात. प्रत्येक ठोका लिहिला तर पडदा भरतो आणि धाकधूक संपते. लिहिलाच नाही तर वाचणाऱ्याला वाटतं, काहीच वाजत नाहीये. मी पियानोचा चुकून वाजलेला सूर ठेवला, फेसाखाली गुदमरणारी धोक्याची घंटा ठेवली, बाकी बरंच काढलं. या कामावर मी खूश आहे.

अडलं ते शेवटी, कलाकारांच्या तक्त्यात. तिजोरी फोडणारा सेझार: पर्लो विता. हा पर्लो विता म्हणजे खुद्द दिग्दर्शक आणि सहपटकथाकार ज्यूल्स डॅसिन. न्यू यॉर्कच्या ‘आर्टेफ’ या कामगारांच्या यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटक कंपनीत तो नट म्हणून घडला, मग हॉलिवूडला गेला. 1951 मध्ये अमेरिकी संसदेच्या, कम्युनिस्ट शोधणाऱ्या चौकशी समितीपुढे दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिकनं कम्युनिस्ट म्हणून त्याचं नाव घेतलं. डमिट्रिक स्वतः याच प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेला! डॅसिनला काम मिळेना, तो युरोपात गेला. या सिनेमानं त्याला कान चित्रपट महोत्सवातलं दिग्दर्शनाचं पारितोषिक दिलं. अमेरिकेत प्रदर्शनासाठी अट आली: भूतकाळाबद्दल माफी माग, नाहीतर लेखक-दिग्दर्शक म्हणून तुझं नाव काढू. त्यानं नकार दिला. शेवटी युनायटेड आर्टिस्ट्सनं नामधारी कंपनी काढून सिनेमा लावला.

म्हणजे नावासाठी भांडणारा माणूस. आणि तोच, टोपणनावानं, अशी भूमिका करतो की जो साथीदाराचं नाव सांगतो आणि त्यापायी गोळी खातो! तो प्रसंग करताना मित्रांना फितूर झालेले मित्र मनात होते, असं तो पुढे एका मुलाखतीत म्हणाला.

आमचा नियम: पडद्यावर आहे तेच लिहा. मी तेच लिहिलं. क्यूसीकडून, म्हणजे काम तपासणाऱ्यांकडून, शेरा आला, ‘हे टोपणनाव दिसतं, खरं नाव भरा.’ शेजारची सहकारी म्हणाली, भर की, सगळ्यांना माहीत आहे. तिचं बरोबर असेल. त्याच काळात काळ्या यादीत गेलेल्या डाल्टन ट्रम्बोसारख्या पटकथाकारांची नावं सिनेमांवरून पुसली गेली होती, ती परत लिहिली तर न्यायच होतो. इथे मात्र नाव कुणी पुसलेलं नाही. मोठ्या अक्षरात दिग्दर्शक म्हणून आहे, फक्त फितुराच्या रांगेत त्यानं ते येऊ दिलं नाही. ते तिथे बसवणारी मी कोण? क्यूसीला हे कळवायला एकशेवीस अक्षरांची चौकट आहे. मी लिहिलं, ‘नाव हेतुपुरस्सर आहे, बदलू नये.’ फाइल पुन्हा परत आली आहे.